आधी कार्बोरेटरला हात लावायचा नाही

ट्रक फटाके मारतो म्हणजे काय करतो, हे आज पंचविशीत असलेल्या मिस्त्रीने बहुधा ऐकलेलंच नसतं. डिझेल इंजिनात ठिणगीचं काम नाही. हवा दाबून इतकी तापवायची की तिच्यात उडालेलं डिझेल आपसूक पेटतं. अशी गाडी बिघडली तर धूर ओकते, खडखडते, रस्त्यात उभी राहते. पण भर बाजारात बार काढून लोकांना दचकवत नाही. त्यासाठी पेट्रोल लागतं, प्लग लागतो आणि पेटण्याची वेळ चुकावी लागते. 1954 साली टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढायला घेतले आणि कुर्ल्याला जुळणाऱ्या डॉज-फार्गोसारख्या गाड्यांची पेट्रोल इंजिनं हळूहळू मागे पडली. त्यांच्याबरोबर तो आवाजही गेला आणि तो ऐकून दुखणं ओळखणारे कानही गेले.

लष्कराने मात्र पेट्रोल बरीच वर्षं धरून ठेवलं. माझ्या मावसभावाकडे नगरला जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत बनलेला निसान वन टन आहे, लिलावातून सुटलेला. जोंगा म्हणून जी गाडी आपल्याकडे प्रसिद्ध झाली, तिचा हा थोरला भाऊ. सहा सिलिंडर, 3956 सीसी, आणि पेट्रोलची तहान म्हणाल तर विचारू नका. असली गाडी घेणारे बरेच जण तिच्यात डिझेल इंजिन बसवून मोकळे होतात. भावाने ते केलं नाही, त्यामुळे तक्रारही जुन्या वळणाचीच आली. इमामपूरचा घाट चढताना गाडी ओढत नाही, गरम झाली की आणखीच दम टाकते. उतारावर पाय काढला की सायलेन्सरमधून फटाके. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला तर पुढून, बॉनेटखालून, एक कोरडा ‘फट्’.

मागचा फटाका आणि पुढचा ‘फट्’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. मागून आवाज येतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल इंजिनातून तसंच निसटलेलं असतं आणि ते गरम सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. एखाद्या प्लगने दांडी मारली, टायमिंग मागे पडलं, एक्झॉस्ट वॉल्व नीट बसेनासा झाला किंवा एक्झॉस्टच्या जोडातून हवा आत शिरली की हे होतं. पुढून कार्बोरेटरमधून उलटा भडका येतो तेव्हा बहुतेकदा पेट्रोल कमी आणि हवा जास्त असते. असं विरळ मिश्रण रेंगाळत जळतं. इनलेट वॉल्व पुन्हा उघडला तरी आत जाळ शिल्लक असतो, आणि तो आल्या वाटेने परत फिरतो. टायमिंग फार पुढे गेलेलं असलं किंवा दोन प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली असली तरीही पुढूनच आवाज येतो.

म्हणजे आमच्या ट्रकच्या पुढच्या तोंडाला पेट्रोल कमी पडत होतं आणि मागच्या तोंडाला जास्त झालं होतं. एकाच इंजिनात, एकाच वेळी. इथे बहुतेक जण कार्बोरेटर खोलतात. आधीच्या दोन गॅरेजवाल्यांनीही तेच केलं होतं.

मग भावाने गाडी अण्णांना दाखवली. अण्णा हे लष्कराच्या ईएमई या दुरुस्ती विभागातून निवृत्त झालेले हवालदार. आयुष्य अशाच गाड्यांखाली गेलं. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून थोडा वेळ नुसतं ऐकलं आणि भावाला म्हणाले, “दादा, एक सांगून ठेवतो. आधी कार्बोरेटरला हात लावायचा नाय. तो सगळ्यात शेवटी.”

मला तेव्हा ही एक हवालदारी शिस्त वाटली. अण्णांनी कारण सांगितलं ते असं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर बदललं की टायमिंग सरकतं; टायमिंग सरकवलं म्हणून पॉइंटमधलं अंतर बदलत नाही. टॅपेट चुकलेले असताना कार्बोरेटर लावला, तर टॅपेट ठीक केल्यावर तो पुन्हा लावावा लागतो. उलट कधी होत नाही. म्हणून आधी कॉम्प्रेशन, मग ठिणगी, मग पेट्रोल. शेवटाकडून सुरुवात करणारा मिस्त्री मेहनत करत नाही असं नाही. तो फक्त खालच्या चुकीच्या मापाने वरचं माप बसवत असतो, आणि गाडी चार दिवस बरी चालते, हीच खरी पंचाईत. चार दिवस बरी चालली की ती दुरुस्त झाली असं सगळ्यांना वाटतं, मिस्त्रीलाही.

मग सहाही प्लग काढून एकेका भोकात कॉम्प्रेशन गेज लावलं. पाच सिलिंडर जवळपास सारखे निघाले, पाचव्या नंबरचा बराच खाली. अण्णांनी त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारायला सांगितलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट बुजून काटा वर चढला असता. तो तिथेच राहिला. “वॉल्व,” अण्णा म्हणाले. टॅपेट कव्हर काढून फिलर गेजची पाती घालायला गेलो तर पाचव्याच्या एक्झॉस्ट वॉल्वला पाती शिरेचना. गॅपच नव्हता. वॉल्व आपल्या सीटमध्ये इतका खोल रुतला होता की तो कधी पुरता मिटतच नव्हता. हेड उतरवल्यावर तो हातात घेऊन पाहिला. बाकी कडा धुरकट तपकिरी, आणि एका जागी तांदळाच्या दाण्याएवढी खाच, जळून पांढरी पडलेली. एवढ्याशा खाचेतून घाटातली सगळी ताकद बाहेर जात होती.

या खाचेचा इतिहास लांबचा आहे. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याने 1921 साली टेट्राएथिल लेडचा गुण शोधला. इंजिनातलं ठोकणं थांबवण्यासाठी ते मिसळलं जाई. पण त्याचा थर एक्झॉस्ट वॉल्वच्या सीटवर बसून तिला झिजेपासूनही वाचवत असे. ते शिसं पोरांच्या मेंदूत उतरत होतं, तेव्हा ते गेलं हे उत्तमच झालं. भारतात 1 फेब्रुवारी 2000पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आलं. पण ज्या जुन्या इंजिनांच्या सीट कठीण धातूच्या नव्हत्या, त्यांची झीज तेव्हापासून वाढली. गंमत अशी की मिजलीचे वरिष्ठ होते चार्ल्स केटरिंग, आणि पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांवर चालणारी बॅटरी इग्निशन 1910च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांसाठी उभी केली ती याच केटरिंगनी. ठिणगी आणि शिसं, दोन्हींचं मूळ एकाच माणसाच्या कारकिर्दीत. आमच्या ट्रकमध्ये दोन्हीकडून एकदमच देणी थकली होती.

डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली तर पॉइंट काळेठिक्कर. एका बाजूला खड्डा, समोर त्याला जुळणारी गाठ. कॅमला घासणारा फायबरचा तुकडा झिजला होता, त्यामुळे पॉइंट जेमतेम उघडत होते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा सहा सिलिंडरना मिळून सेकंदाला 150 ठिणग्या लागतात, आणि दर ठिणगीला हे पॉइंट एकदा उघडून मिटतात. उघडताना तिथे जाळ होऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो थंड असताना ठीक होता, तापला की हात टेकत होता. त्यामुळे घाटात, नेमकी गरज असेल तेव्हा, ठिणगीचा जीव जायचा.

आता आधीच्यांची कारागिरी एकेक करून दिसू लागली. पॉइंट कमी उघडले की ठिणगी उशिरा पडते. म्हणून कुणीतरी अख्खा डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग पुढे ओढलं होतं. टायमिंग जुळलं, पण पॉइंट जळत राहिले. मिस मारणारी गाडी जरा तरी ओढावी म्हणून दुसऱ्याने आयडलिंगचा स्क्रू ढिला करून मिश्रण घट्ट केलं होतं. ते जादा पेट्रोल पाचव्या सिलिंडरच्या फुटक्या वॉल्वमधून थेट सायलेन्सरमध्ये जात होतं आणि उतारावर फटाके वाजत होते. यातला एकही माणूस बेइमान नव्हता. प्रत्येकाने समोर दिसलं ते दुखणं दाबलं, आणि पुढच्याला दिसलं ते दुखणं नव्हे, आधीच्याचं औषध.

वॉल्व बदलला, सीट नवी बसवली, पॉइंट-कंडेन्सर नवे, टायमिंग लाइट लावून ठिणगीची वेळ फॅक्टरीच्या खुणेवर. मागचे फटाके जवळजवळ गेले. पुढचा ‘फट्’ मात्र उरला. मग अण्णांनी कार्बोरेटर काढून बाकावर ठेवला, तेव्हा वाटलं, सोहळाच आहे. मेन जेट कुणीतरी तार घालून मोठा केलेला निघाला. भाऊ चिडला. अण्णा चिडले नाहीत. पंपावरच्या पेट्रोलमध्ये 2025पर्यंत इथेनॉल 20 टक्क्यांवर आलं आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण 9 पुरते. जुन्या जेटमधून तेवढंच इंधन आलं तर आजच्या पेट्रोलवर इंजिन आपोआप विरळ होतं. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून भरपाई करतो. इथे पितळेचं एक भोक. म्हणजे तार घालणाऱ्याचं कारण चूक नव्हतं, तार चूक होती. तारेने भोक गोल राहत नाही, इंधन सरळ धारेत येत नाही, आणि ते किती वाढलं हे कोणालाच कळत नाही. अण्णांनी मूळ मापाच्या वरचा एक नंबर शोधून बसवला. शिवाय पाय दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या छोट्या पंपाचा वायसर आक्रसलेला होता. खरा ‘फट्’ तिथून येत होता.

भावाला अजूनही एक ओळीचं उत्तर हवं असतं: नक्की बिघाड काय होता? मी वॉल्व म्हणतो, तो कंडेन्सर म्हणतो, कारण कंडेन्सर स्वस्त आहे आणि सांगायला बरा पडतो. घाटात गाडी आता तिसऱ्यावर चढते. उतारावर एखादा बारीक फटाका होतोच. तो एक्झॉस्टच्या फ्लँजमधून शिरणाऱ्या हवेचा, गास्केट बदललं की जाईल. अण्णा दोनदा बोलले तरी भाऊ ते बदलत नाही. जेऊरच्या फाट्यावर पोरं त्या आवाजाला वळून बघतात, आणि त्याला ते आवडतं.