चौदा सहस्रांश सेकंद

मराठवाड्यात धावपटू म्हटला की डोळ्यांसमोर येते ती लांबची वाट: शाळेपर्यंतची पायपीट, पहाटेचा डांबरी रस्ता, भरतीचे सोळाशे मीटर. धावणं म्हणजे दम, आणि दम म्हणजे सोसणं, हे समीकरण नांदेड-लातूरच्या मैदानांवर इतकं रुजलं आहे की आखूड पल्ल्याची धाव ही शिकायची विद्या आहे, हेच आपण विसरलो. तेजस शिरसे आपल्याच मराठवाड्याचा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला. २२ मे २०२४ रोजी फिनलंडमध्ये तो ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत धावला आणि सिद्धांत थिंगलायाचा १३.४८चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पॅरिस ऑलिंपिकची थेट पात्रता होती १३.२७. राहिलेलं अंतर ०.१४ सेकंदाचं, दहा अडथळ्यांवर वाटलं तर एकामागे चौदा सहस्रांश. एवढा वेळ दम वाढवून मिळत नाही, चूक काढून मिळतो.

ती चूक कुठे लपते? अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच, म्हणजे बहुतेकांच्या कमरेच्याही वर. पहिला १३.७२ मीटरवर, पुढचा प्रत्येक ९.१४ मीटरवर, आणि मधे पावलं फक्त तीन. पाय जमिनीवर असतो तेव्हाच वेग वाढवता येतो. हवेतला प्रत्येक क्षण खर्चाचा. म्हणून अडथळ्यावरून उडी मारायची नसते, त्याला घासून जायचं असतं. मागचा पाय गुडघ्यात मुडपून काखेजवळून पुढे यायला हवा. तो उशिरा आला की खांदे फिरतात, पाऊल तिरकं पडतं, पुढची तिन्ही पावलं आखूड होतात आणि दहाव्या अडथळ्यापर्यंत ती चूक वाढतच जाते. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही. बाजूला उभ्या असलेल्या जाणत्या माणसाला दिसतं.

वेग उपजत असतो, असं कोणी म्हणेल. काही अंशी खरंच आहे. उंची आणि स्नायूंची जात आईबापांकडून येते. पण मागचा पाय वेळेवर आणणं कोणाच्या रक्तात नसतं. दुसरा आक्षेप जास्त आपलेपणाचा आहे: बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे शाळेला पायी जाऊनच घडला ना? त्या कष्टांना माझा मनापासून नमस्कार आहे. मात्र साबळे स्टीपलचेस या अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे वळला तो लष्करात गेल्यावर, २०१७च्या सुमारास, प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून. पायपिटीने त्याला छाती दिली; अडथळा आणि पाण्याचा खड्डा कसा पार करायचा, हे त्याला शिकावं लागलं. हलाखीलाच प्रशिक्षण म्हणत राहिलो तर मुलांना काही द्यायची जबाबदारी आपण आपल्यावरून झटकतो, आणि हे मला मान्य नाही.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. आपली काळी माती पावसाळ्यात बुटाला गोळ्यानं चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर स्पाइक घालून पूर्ण वेगाने धावता येत नाही, तिथे सिंथेटिक ट्रॅकच लागतो. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुरमाचं सपाट मैदान, गुडघ्याएवढे अडथळे आणि पाहणारा डोळा एवढं पुरतं. तो डोळा लातूरला अनोळखी नाही. परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न म्हणजे तरी काय? पुन्हा पुन्हा पेपर, आणि दर पेपरानंतर चुकलेल्या जागेवर बोट. हीच शिस्त मैदानावर आणा. क्रीडाशिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे: बारा वर्षांच्या मुलाला, मुलीला भरतीच्या पल्ल्याला जुंपू नका. आधी दोन वर्षं त्यांना वेगाने धावायला शिकवा, आणि धावताना बाजूला उभं राहून त्यांची पावलं बघा.