मानवतचे ते चौदा महिने

१९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. परभणी जिल्ह्यातलं मानवत आमच्या गावापासून चालत जाण्याइतकं जवळ. घरची मोठी माणसं खडी फोडायच्या कामावर जायची. पाणी, सरपण, शेण, शेळ्या हे सगळं आम्हा पोरींच्या अंगावर पडलं होतं. १४ नोव्हेंबरला मानवतमध्ये पहिला खून झाला. ४ जानेवारी १९७४ पर्यंत दहा जीव गेले. दहाएक वर्षांच्या पाच मुली, पस्तिशीच्या आसपासच्या चार बायका आणि दीड वर्षाचं एक लेकरू. एकही पुरुष नाही.

“एकटी जाऊ नको माय,” आजी रोज बजावायची. दिवेलागणीच्या आतच दारांना कड्या लागायच्या. कुणी मुंज्याचं नाव घ्यायचं, कुणी करणीचं. माझी शाळा त्या हिवाळ्यात सुटली ती कायमचीच. माझ्या जिवलग मैत्रिणीचं तर बाराव्या वर्षीच लग्न उरकलं. “पोरीला सांभाळायचं कुठवर?” असं तिचे वडील म्हणाले, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मारेकरी मोकळे फिरत होते आणि घरात कोंडलं आम्हाला. याचा राग मला अजून आहे.

मग मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. फुटपाथवर झोपलेल्यांचे जीव घेणाऱ्या रमण राघवचा तपास १९६८ साली त्यांनीच केला होता. राघव एकटा होता. इथे मात्र कट होता, असं पोलिसांचं म्हणणं. पिंपळाखालचं गुप्तधन मिळावं म्हणून मुंज्याला कुमारिकेचं रक्त द्यायचं, असा तो कट. मुख्य आरोपी उत्तमराव बारहाते आणि रुक्मिणी यांना परभणीच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, पण वरच्या न्यायालयात ती टिकली नाही. दोघेही निर्दोष सुटले. इतर काहींची शिक्षा मात्र कायम राहिली. माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा हवा, हे १९७७च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं. गावाला हे पटलं नाही. मला पटतं. नुसत्या गुन्ह्यातल्या साथीदाराच्या शब्दावर कुणालाही फासावर चढवू नये.

या खुनांवरचा ‘आक्रीत’ सिनेमा १९८१ साली आला, मालिका २०२४मध्ये. लोक अजून बारहाते, रुक्मिणी, कुलकर्णी यांच्याबद्दलच बोलतात. गेलेल्या मुलींपैकी एकीचं तरी नाव सांगा म्हटलं, तर आमच्या भागातलीही माणसं गप्प होतात. त्या पोरी काही अंधश्रद्धेच्या नादी लागल्या नव्हत्या. त्या घरच्या कामाला बाहेर पडल्या होत्या.

गुप्तधनासाठी पूजा मांडणारे आजही सापडतात. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने नरबळी आणि अशा अघोरी प्रकारांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. असं काही कानावर आलं, तर घरातल्या मुलीला कडी लावून बसू नका. पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या.