वर ना खाली

सरकारी कचेरीतल्या फायलीला दोनच दिशा ठाऊक असतात: वर आणि खाली. लिपिकाने टिपणी लिहावी, ती वर जावी. साहेबांनी शेरा मारावा, ती खाली यावी. अकरा वर्षे मी हा चढउतार पाहत आलो आहे, आणि त्यांतली शेवटची चार कोचीला. परमुलखात चाकरी करणाऱ्या वाचकांना यात नवे काही सांगायला नको. पण वर ना खाली अशी मधेच अडकलेली एक वस्तू मध्यंतरी माझ्या मेजावर आली, आणि ती मला अजून विसरता आलेली नाही.

मेजावर आली म्हणजे अर्थातच कागदाच्या रूपाने आली. आमच्या खात्याची एक लहान फायबरची बोट आहे. तिचा स्टर्नड्राइव्ह वर-खाली होईनासा झाला होता. दुरुस्ती करणाऱ्याने बोटीत पाय न ठेवताच पंप आणि दोन्ही सिलिंडर नवे घालण्याचा अंदाज धाडला. आकडा माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून मोठा होता. एवढी रक्कम खर्ची पडायची तर कोणाची तरी हयगय झालेली असलीच पाहिजे, हा आमच्याकडचा जुना न्याय. बोट चालवणाऱ्या सारंगांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. ‘उथळ पाण्यात बेपर्वाईने बोट नेल्यामुळे यंत्र निकामी झाले असावे, संबंधितांकडून खुलासा मागवावा,’ अशी टिपणी मी अर्ध्या तासात तयार केली. खुलासा मागवला की पुढे वसुलीचा कागद निघतो, आणि वसुली सुरू झाली की निवृत्तिवेतनाची प्रकरणे कशी रेंगाळतात, हे मला पुरते ठाऊक होते. तरीही वाक्य मोठे सुबक उतरले होते.

साहेब म्हणाले, “एकदा जाऊन पाहून या. म्हणजे ‘प्रत्यक्ष पाहणी केली’ एवढे त्यात घालता येईल.”

त्या एका वाक्यापायी मी धक्क्यावर गेलो. माझे गाव हर्णैजवळचे. बालपण समुद्राच्या आवाजात गेले. पण आमच्या घरात समुद्र ऐकण्यापुरताच होता, बोटीत बसायचे ते इतरांनी. सारंगांनी हात धरून मला आत घेतले. मी त्यांना ‘चेट्टा’ म्हणतो, म्हणजे दादा. ते मला ‘सार’ म्हणतात. त्यांची मोडकी हिंदी आणि माझे त्याहून मोडके मल्याळम यांवर आमचे छान निभावते.

स्टर्नड्राइव्ह म्हणजे काय, हे ज्या यंत्राविषयी मी पानभर लिहिले होते त्याच्या शेजारी उभा राहून मला प्रथम कळले. इंजिन बोटीच्या पोटात, अगदी मागच्या भिंतीला लागून. आणि त्याचा पाय भिंतीबाहेर पाण्यात. इंजिनाची शक्ती त्या पायातून आधी उभी खाली उतरते, मग पुन्हा काटकोनात वळून पंख्याला फिरवते. वेगळे सुकाणू नाही. हा पायच डावी-उजवीकडे वळतो. १९५९ साली व्होल्व्हो पेंटा या स्वीडिश कंपनीने ही रचना प्रथम बाजारात आणली. कल्पना जिम विन या अमेरिकन अभियंत्याची. पुढे इतर कारखान्यांनीही ती उचलली. या पायाच्या दोन बाजूंना दोन तेलाचे सिलिंडर असतात. बोटीतला विजेचा पंप त्यांत तेल ढकलतो आणि पाय वर उचलला जातो किंवा खाली घेतला जातो. उथळ जागी पंखा वाचवायला हे हवे. शिवाय आमच्या खाडीत पावसाळ्याच्या गोड्या पाण्याबरोबर जलपर्णीचे ताटवेच्या ताटवे वाहत येतात; त्या पंख्याभोवती गुंडाळल्या की पाय वर घेतल्यावाचून त्या काढायच्या कशा?

पाय अर्ध्यावर थांबला होता. तो खाली का पडत नाही, असे मी विचारले. सारंग म्हणाले, “तेल झडपांनी अडवून धरले आहे, सार. धरून ठेवण्याचे काम अजून नीट चालले आहे. फक्त हलवणे बंद आहे.” मला माझ्या मेजावरच्या कपाटाची आठवण झाली.

त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. म्हणाले, “आधी कान लावायचा.” आणि ‘वर’चे बटण दाबले. इंजिनाजवळून ‘टक्’ असा आवाज आला. ‘खाली’चे दाबले, पुन्हा ‘टक्’. तो आवाज रिलेचा. वरसाठी एक रिले, खालीसाठी दुसरा. आवाजच आला नसता तर बटण, बारीक फ्यूज किंवा नियंत्रणाची तार तपासायची. एकाच दिशेला आला असता तर दोन्ही रिलेंची अदलाबदल करून पाहायची. दोष रिलेबरोबर सरकला तर दोष रिलेचाच. मोटर फिरून पाय हलला नसता तर तेल कमी, हवा शिरलेली किंवा गळती. इथे रिले वाजत होते, मोटर मात्र मुकी होती.

“वर जायची वाट वेगळी, खाली यायची वेगळी,” सारंग म्हणाले. “दोन्ही एकदम बंद झाल्या तर दोन बिघाड शोधायचे नाहीत. दोघींत सामाईक काय, ते शोधायचे.”

त्यांनी टाकीतले तेल पाहिले. त्याची पातळी खरी कळते ती पाय पूर्ण खाली असताना. पण तेल दुधाळ झालेले नव्हते, म्हणजे पाणी शिरले नव्हते, आणि नळ्याही कोरड्या होत्या. मग मल्टिमीटर निघाला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पुरती भरलेली. मला बटण दाबून धरायला सांगून त्यांनी मोटरच्या जाणाऱ्या टोकाशी वीज मोजली. तिथे बारांवर व्होल्ट होते. मोठा फ्यूज आणि रिले निर्दोष ठरले. मग त्यांनी एक टोक मोटरच्या परतीच्या तारेला लावले, दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीला. दोन्ही एकाच तारेची टोके. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे. आकडा अकरापाशी थांबला.

सारंग हसले. वीज मोटरपर्यंत पोचत होती, पण परतण्याची वाट बंद होती, आणि परत येऊ न शकणारी वीज काम करीत नाही. या बोटीत रिलेंची बारीक परतीची तार वेगळी जोडलेली असल्याने ते तेवढे वाजत राहिले होते. तळाशी साचणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनी मोटरच्या तारेच्या टोकावर हिरवटपांढरे किटण चढले होते. बॅटरी सोडवून त्यांनी तार कापली. आतले तांबे वीतभर काळे पडलेले. नवी जाड तार घातली, टोके दाबून बसवली, वर ग्रीस चोपडले. मागे कोणी नाही ना, हे दोनदा पाहिले. उचललेल्या पायाखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा सक्त नियम. मग बटण दाबले. मोटर गुणगुणू लागली. पाय सावकाश पूर्ण खाली गेला आणि तितक्याच सावकाश वर आला. खर्च काय तो दोन हात तारेचा, तीही त्यांनी पदरमोड करून आणून ठेवलेली.

हात पुसता पुसता ते म्हणाले, “ही तार बदलून द्या, बॅटरीची पेटी उंच बसवून द्या, असे मी लिहिले होते, सार. दोनदा.”

परतल्यावर मी फाइल चाळली. दोन्ही अर्ज होते, निळ्या शाईत, वळणदार इंग्रजीत. पहिल्यावर शेरा होता: ‘मागणीचे समर्थन सादर करावे.’ दुसऱ्यावर: ‘पुढील आर्थिक वर्षात विचार व्हावा.’ दोन्हींखाली माझी आद्याक्षरे. ते कागद मी वर पाठवलेच नव्हते. खाली उत्तरही दिले नव्हते.

त्या संध्याकाळी मी उशिरापर्यंत बसलो. माझ्या बढतीची यादी तेव्हा निघायची होती. ‘अर्ज कचेरीत प्रलंबित राहिले’ असे लिहिले असते तरी ते खोटे ठरले नसते. आपल्या भाषेत अशी कर्त्यावाचूनची वाक्ये लिहिण्याची मोठी सोय आहे. तसे मी लिहिलेही. मग ते फाडून दुसऱ्या कागदावर लिहिले: ‘दोन्ही अर्ज मी रोखून धरले. बिघाड त्यामुळे झाला. सारंगांकडून खुलासा मागवण्याचे कारण नाही.’ फाइल वर गेली. आठ दिवसांनी खाली आली. शेरा होता: ‘पाहिले. नवीन खरेदी नको. प्रकरण बंद करावे.’ मला कोणी काही विचारले नाही, आणि त्याने मला मोकळे वाटले असे म्हणवत नाही.

सारंगांच्या निरोपाच्या दिवशी चहाचे पेले गोळा होत असताना मी त्यांना गाठले आणि म्हणालो, “चेट्टा, ते दोन्ही अर्ज माझ्याच मेजावर अडकले होते.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “मला ठाऊक होते, सार. धक्क्यावर आलात, त्याच्या आधीपासून. तुमची सही मी ओळखतो.”