मुठीचे काम

लोहाराने घडवलेली सुरी हातात येते तेव्हा तिचे पाते पुरे झालेले असते, मूठ नसते. ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा कापून, भट्टीत तापवून, ऐरणीवर ठोकून, धारेला पाणी देऊन पाते सिद्ध होते. मूठ मात्र जवळ पडलेल्या लाकडाच्या तुकड्याची, वाकसाने चौकोनी तासलेली आणि शेवटच्या घटकेला ठोकून बसवलेली असते. यात कारागिराचा आळस नाही. आठवडी बाजाराला रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाला गिऱ्हाईक पात्याचे पैसे देते, मुठीचे वेगळे देत नाही. शिवाय मूठ शेवटाला न्यायची तर ती ज्याच्या हातात राहणार त्याचा हात समोर हवा. म्हणून पाते लोहाराचे आणि मूठ वापरणाऱ्याची, अशी वाटणी धरून चालावे. लोहाराने ठोकून दिलेली मूठ तशीच वर्षानुवर्षे वापरत राहणे म्हणजे चांगल्या पात्याची उपेक्षाच.

हाताने घडवलेल्या सुऱ्यांच्या मुठी दोन तऱ्हांच्या. एकीत पात्याचा मागचा भाग निमुळता होऊन शेपटीसारखा लाकडात शिरतो आणि तोंडाशी लोखंडाचे किंवा पितळेचे कडे असते. दुसरीत पात्याचे लोखंड मुठीच्या टोकापर्यंत सपाट जाते आणि दोन्ही अंगांना लाकडी पट्ट्या रिव्हेटने जखडलेल्या असतात. विळा, कोयता, गावठी सुरी बहुतेक पहिल्या जातीची. दुसरी अधिक मजबूत, पण तिच्यात लोखंड आणि लाकूड यांची फट सगळीकडून उघडी राहते आणि पाणी तिथूनच आत शिरते.

कामाला हात घालण्याआधी पात्यावर जाड कापड गुंडाळून चिकटपट्टीने घट्ट बांधावे. मुठीवर काम करताना हात कापतो तो बहुधा या एका कामाला फाटा दिल्यामुळे. मग मूठ एका हातात आणि गुंडाळलेले पाते दुसऱ्या हातात धरून हळूच पीळ द्यावा. बारीकशी टकटक किंवा कुरकुर जाणवली तर मूठ सैल आहे आणि तिच्यावर वरून कितीही घासकाम केले तरी ते वाया जाणार.

सैलपणाचे मूळ लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतले पाणी शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल रेषांच्या लांबीत जवळजवळ होत नाही. ती आडव्या अंगाने होते, आणि त्यातही वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने साधारण दुप्पट होते. कोकणातल्या पावसाळ्यात घट्ट असलेली मूठ मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खुळखुळते ती यामुळे. ओल्या लाकडाची मूठ बसवली तर हे ठरलेलेच. त्यात लोखंडाची शेपटी आत गंजते, गंज जागा व्यापतो आणि लाकडाला आतून चीर पाडतो.

शेपटी बसवण्याची जुनी रीत म्हणजे ती लाल तापवून लाकडात दाबणे. लाकूड जळत भोक आपोआप शेपटीच्या आकाराचे होते. रीत चांगली आहे, पण सगळे भोक जाळून पाडले तर भोवती कोळशाचा ठिसूळ थर उरतो, तो वापराने चुरतो आणि मूठ पुन्हा हलू लागते. आधी गिरमिटाने जवळजवळ पुरते भोक पाडून शेवटचा थोडासा भागच जाळून बसवला की पकड टिकते. या वेळी पात्यावर ओले फडके असलेच पाहिजे. कडक केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा ते पुन्हा साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून कमी केलेला असतो. शेपटीची उष्णता त्याहून वर चढत धारेपर्यंत पोचली तर पात्याचे पाणी उतरते आणि मग धार कितीही लावा, धरत नाही.

उरलेली पोकळी भरायला पूर्वी लाख वापरत. विटेची बारीक पूड मिसळून वितळवलेली लाख भोकात ओतायची आणि तापलेली शेपटी त्यात रोवायची. तलवारींच्या मुठीही अशाच लाखेच्या मसाल्याने बसवत. लाखेचा मोठा गुण असा की ती ऊब दिली की सुटते. मूठ फुटली तर पाते इजा न होता मोकळे होते. आज दोन नळ्यांचा इपॉक्सी हाच सोपा उपाय आहे, आणि सुरी रोज पाण्यात जाणार असेल तर तोच योग्य. पण त्याला लोखंड खरवडलेले आणि तेलमुक्त लागते. सागासारख्या तेलकट लाकडाचा चिकटणारा भाग ॲसिटोनने पुसून लगेच जोडावा लागतो, नाहीतर काही महिन्यांत सांधा सुटतो.

लाकूड नवे घ्यायचे असेल तर घट्ट, बारीक रेषांचे आणि चांगले वाळलेले घ्यावे. बाभूळ, खैर, शिसव ही हत्यारांच्या मुठींची जुनी लाकडे. साग हलका आणि पाण्याला टिकणारा, पण त्यातल्या वाळूसारख्या कणांनी हत्याराची धार लवकर जाते. कुऱ्हाडीच्या दांड्याला नावाजलेली धामण धक्का सोसते, सुरीला तेवढ्या लवचिकपणाची गरज नाही. शिसवाची भुकटी अनेकांच्या त्वचेला आणि श्वासाला बाधते. ते घासताना नाकातोंडावर मास्क हवाच.

यानंतर आकार. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रक्रियेच्या हत्यारांचे गुण मोजले आहेत, त्यात पहिला मान हातात नीट धरता येण्याला आहे, चांगले लोखंड आणि चांगली धार नंतर. दोषांच्या यादीत अति जाड, अति लहान, अति लांब, अति आखूड हे चार दोष तर निव्वळ मापाचे आहेत. स्वयंपाकघरातल्या सुरीला हीच कसोटी पुरते.

मुठीचा काप गोल नसावा, अंड्याकृती असावा. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठल्या दिशेला आहे हे डोळ्यांनी पाहावे लागते. अंड्याकृती मुठीत ते न पाहता बोटांना कळते. मध्यम हातासाठी २० मिलिमीटरच्या आसपास जाडी आणि २५ ते ३० मिलिमीटर उंची ठीक. लांबी पंजाच्या रुंदीहून बोटभर जास्त, म्हणजे ११ ते १२ सेंटिमीटर. ही मापे सुरुवात करण्यापुरतीच धरावीत. मूठ नेहमीसारखी धरली असता बोटांची टोके तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. ती तळव्यात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, लांब राहत असतील तर जाड.

कुठे किती काढायचे हे ठरवण्याची एक उत्तम युक्ती आहे. तळहाताला कोळशाची बारीक पूड चोळावी, सुरी नेहमीच्या जोराने धरावी आणि कापण्याची हालचाल चार-सहा वेळा करावी. मग मूठ उजेडात फिरवून पाहावी. जिथे हात घट्ट दाबतो तिथे काळे ठिपके गडद उमटतात. जिथे लाकूड हाताला लागतच नाही तिथे ते कोरे राहते. बहुतेक गावठी मुठींवर तर्जनीच्या मुळाशी एक गडद डाग आणि तळहाताच्या मध्याशी दुसरा डाग दिसतो. हे चौकोनी कडांचे ठसे, फोड येतात ते इथेच. लाकडाच्या दातेरी कानशीने गडद जागा थोडी उतरवायची, पुन्हा पूड, पुन्हा पकड. काळे सगळीकडे सारखे पसरले की मूठ हाताची झाली. बोटांसाठी वेगळ्या खाचा कोरण्याचा मोह मात्र टाळावा. त्या एकाच पकडीला बसतात आणि सुरी उलटी किंवा आखूड धरली की रुततात. खाचांपेक्षा मध्ये किंचित फुगवटा आणि बुडाशी हलका उठाव द्यावा. मासे किंवा ओली भाजी कापताना हात मागे निसटत नाही तो या उठावामुळे.

घासकामात घाई कामाची नाही. ८० नंबरच्या काचकागदाने कानशीचे ओरखडे काढायचे, मग १२०, १८०, २४०. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नये. रिव्हेटजवळ कागद लाकडाच्या सपाट ठोकळ्याला गुंडाळून धरावा. बोटाने घासले तर लाकूड धातूपेक्षा लवकर झिजते आणि रिव्हेट वर राहतो. लोखंडाची भुकटी ओलसर लाकडावर पडू देऊ नये. बाभूळ, खैर, साग यांच्यातले तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून शाईसारखे काळे डाग पाडते. २४० नंतर ओल्या फडक्याने मूठ पुसून वाळू द्यावी. दबलेले तंतू उभे राहतात आणि मूठ पुन्हा खरखरीत लागते. ते तंतू ३२० च्या कागदाने हलक्या हाताने काढले की पुढे पाणी लागले तरी मूठ तशी होत नाही. याहून गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. आरशासारखी मूठ दुकानात शोभते, ओल्या हातात घसरते.

लाकडाला पाणी लागू नये म्हणून वॉर्निश फासण्याची पद्धत आहे, ती सुरीला लागू नाही. वॉर्निशचा पापुद्रा दाबाने आणि धुण्याने तडकतो, तडकलेल्या जागेतून पाणी आत जाते आणि बाहेर पडत नाही. लाखेचे पॉलिश पाण्याने पांढरे पडते. कोयत्याच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळतात, तिने पकड चांगली येते, पण खाली ओल कोंडून लाकूड कुजते. सुरीला तेलच योग्य. मात्र तेल वाळणारे हवे. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहते आणि खवट वास धरते. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या छिद्रांतच जमते. मराठवाड्यात पिकणाऱ्या करडईचे तेलही वाळते, त्याला वेळ जास्त लागतो, पण ते लाकडाला पिवळेपणा कमी आणते. रंगाच्या दुकानातल्या उकळलेल्या जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार असतात. खाण्याच्या वस्तूला कच्चे तेल घ्यावे आणि धीर धरावा.

पहिला हात भरपूर, मग पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल कोरड्या कापडाने पुसून काढायचे. पुसले नाही तर चिकट साय धरते. एकेक दिवसाच्या अंतराने असे चार-पाच पातळ हात द्यावेत. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवस तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा केलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत. शेवटी, एक भाग मधमाशांचे मेण आणि तीन-चार भाग तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून त्याचा पातळ थर चोळला की मुठीला चमक न येता हाताला धरणारा मऊपणा येतो.

तयार झालेल्या मुठीला फारसे काही लागत नाही. सुरी पाण्यात भिजत टाकू नये, धुतली की लगेच पुसून उभी वाळवावी. लाकूड फिके आणि कोरडे दिसू लागले की तेलाचा एक हात द्यावा. पावसाळ्याच्या तोंडावर आणि थंडीच्या कोरड्या दिवसांत तर तो द्यावाच. कडे किंवा रिव्हेट यांच्या भोवती काळी रेघ दिसली तर पाणी आत जाऊ लागले आहे असे समजावे. तेवढी जागा पूर्ण वाळवून मेणाने भरावी, आणि मूठ हलत असेल तर ती उतरवून शेपटीचा गंज खरवडून पुन्हा बसवावी.