आवाज बदलला तरी

आपल्या घरांत गाण्या-बजावण्याबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं हे मासिक वाचतात. तो मसला उलेमांचा. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई, त्यात पडत नाही. मला सांगायचंय ते वेगळंच. एकाच बँडची गाणी पंचवीस वर्षं ऐकताना मला नात्यांबद्दल काही उमगलं, तेवढं सांगते.

त्या बँडचं नाव 'इंडियन ओशन'. गिटार वाजवणारे सुस्मित सेन आणि तबला वाजवता वाजवता गाणारे असीम चक्रवर्ती यांनी तो 1990 साली दिल्लीत सुरू केला. पुढे राहुल राम आणि अमित किलम त्यांना येऊन मिळाले. 2000 साली त्यांचा 'कंदिसा' हा अल्बम निघाला. भाईजान तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होते. सुट्टीत येताना ते त्याची कॅसेट घेऊन आले आणि आम्ही दोघं बहीण-भाऊ वेडावून गेलो.

'कंदिसा' हे केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांचं अरामी भाषेतलं जुनं स्तवन आहे. त्या शब्दाचा अर्थ पवित्र. 'कुद्दूस' आणि 'मुकद्दस' ज्या धातूपासून आले, त्याच मुळातला हा शब्द आहे, कारण अरबी आणि अरामी या सख्ख्या बहिणी. हे कळलं तेव्हा मला कोण आनंद झाला! त्याच कॅसेटवर 'मा रेवा' होतं, नर्मदेचं लोकगीत. राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, त्या दिवसांतून ते बँडमध्ये आलं. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्द हीच नदी आखते. अरामी स्तवन आणि नर्मदेचं गाणं एकाच कॅसेटवर नांदत होतं, आणि त्यात कुणालाही अवघडल्यासारखं होत नव्हतं.

पुढची काही वर्षं चांगली गेली. मग 25 डिसेंबर 2009 रोजी असीम चक्रवर्ती गेले. त्यांनी आधी गाऊन ठेवलेली गाणी 2010 मध्ये '16/330 खजूर रोड' या नावाने आली. दिल्लीच्या करोलबागेतल्या ज्या जुन्या घरात हे लोक रियाज करत, त्याचा तो पत्ता. ती गाणी त्यांनी महिन्याला एक अशी, इंटरनेटवरून फुकट दिली. गेलेल्या माणसाचा आवाज दर महिन्याला घरी येत होता.

त्यानंतर गायला हिमांशू जोशी आणि तबल्याला तुहीन चक्रवर्ती आले. एका माणसाची जागा भरायला दोन माणसं लागली. 2013 मध्ये सुस्मित सेनही बाहेर पडले आणि गिटार निखिल राव यांच्या हाती आली. म्हणजे ज्या दोघांनी बँड सुरू केला, त्यांतला एकही आता उरला नव्हता. 2014 च्या 'तंदानू'मध्ये शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट अशी पाहुणी मंडळी होती. आवाज भरगच्च झाला. पूर्वी सुस्मित सेन यांची गिटार एकटीच बराच वेळ चालत राहायची, तशी मोकळी जागा कमी झाली.

मी खरं सांगते, नवं सगळंच मला आवडलं नाही. काही गाणी दोनदा ऐकून सोडली. ती गिटार तर मला आजही आठवते. पण मी ऐकणं थांबवलं नाही. ओळखीचे लोक म्हणायचे, आता त्यात जुनं काय राहिलंय? त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, ते वर्गात सापडलेलं.

आमच्या शाळेत एक मुलगा सहावीत असताना फार गोड आवाजात नात म्हणायचा. प्रत्येक कार्यक्रमात त्याला पुढे करायचे. आठवीत त्याचा आवाज फुटला. लोक त्याला म्हणायचे, 'अरे, पहिल्यासारखं म्हण ना!' तो बिचारा वरच्या पट्टीत ओढायचा आणि लाजून खाली बसायचा. मी त्याला सांगितलं, बाळा, खालच्या पट्टीत म्हण, सावकाश म्हण. दहावीच्या निरोप समारंभात त्याने म्हटलेली नात जड, खोल आवाजातली होती. गळा तोच होता, पण त्याच्याकडे सहावीचा आवाज मागत बसलेल्यांना ती नीट ऐकूच आली नाही.

हे मी मुलाबद्दल आणि बँडबद्दल सहज मानलं. माझी खरी परीक्षा घरातच होती.

अब्बांच्या इंतकालनंतर भाईजान बदलत गेले. नमाज तर आधीही होती, आता जमातीत जाणं सुरू झालं आणि गाणी पूर्ण सुटली. एके दिवशी त्यांनी कॅसेटींचा खोका माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, 'तुला ठेवायच्या तर ठेव. माझ्याकडून आता ऐकणं होत नाही.' ना त्यांनी मला ऐकू नकोस असं सांगितलं, ना मी कारण विचारलं. पण रात्री मी खूप रडले. ज्याच्याबरोबर हसण्या-बोलण्याची एक भाषा होती, तो माणूस ती भाषा सोडून चालला होता.

अम्मी म्हणाल्या, 'भाई तोच आहे गं. जरा जवळ बसून बघ.'

मी जवळ बसू लागले. भाईजान फजरनंतर तिलावत करतात. एक दिवस मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले. ओळ संपताना आवाज हळू सोडून द्यायची त्यांची जुनी लकब तिथेही होती. आता ते आले की मी गाणी लावत नाही, आणि माझ्या फोनवर चुकून काही वाजलंच तर ते उठून जात नाहीत. हा करार आम्ही कधी बोलून केला नाही.

वफा म्हणजे समोरच्याने जिथे आपल्याला आवडला तिथेच थांबावं असा आग्रह नव्हे. प्रत्येक बदलाची तारीफ करणं म्हणजेही वफा नव्हे. माझ्या मते थोडा वेळ देणं, कान उघडा ठेवणं आणि न आवडलेलं न भांडता बाजूला ठेवणं, इतकं पुरेसं आहे. सासरी गेलेली मुलगी, आखातातून परतलेला मुलगा, निवृत्त होऊन घरी बसलेले वडील, सगळ्यांचेच आवाज बदलतात. आपण त्यांच्याकडे सहावीतली नात मागत राहिलो, तर ते आपल्यासमोर बोलायचंच सोडून देतील.

गेल्या ईदला जेवणं झाल्यावर भाईजाननी अचानक विचारलं, 'त्या लोकांचं काय चाललंय आता?' मी सांगितलं, 2023 मध्ये नवा अल्बम आला, माणसं बदलली, पण बँड चालू आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'तो तबलेवाला फार छान गायचा.' आणि इशाच्या नमाजला जायला उठले.