आठ निळे तुकडे

मिरजेत आमच्या वाड्याच्या पडवीत बसून आक्का लोकांच्या वाकळा शिवायची. ती नात्यातली नव्हती. दोन घरं सोडून राहायची. पडवीत उजेड चांगला म्हणून आमच्याकडे यायची. सुईत दोरा ओवायला तिला लहान डोळे लागायचे आणि ते काम माझ्याकडे असे. सुई धरायला मी तिच्यापाशी शिकले, ते ऋण आहेच. पण तिनं मला एक अख्खं मैदान दिलं, ते कुठल्या खात्यात लिहू?

शाळा संपली तशी आईनं माझे गणवेशाचे निळे स्कर्ट बोहारणीला द्यायला काढले. आक्कानं ते मागून घेतले. "पोरी, तुझ्या त्या खो-खोचीच वाकळ करू," म्हणाली. खाली आजीचं विरलेलं नऊवारी, मध्ये वडिलांची धोतरं, वर तुकडे. चार कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणलं. तिचा धावदोरा कडेनं निघून फिरत फिरत आत जायचा, त्यामुळे मैदान आधी झालं, खेळाडू मागून आले. इरकलीच्या लाल काठाचे दोन खांब झाले, जुन्या खाकी चड्डीची मधली पाटी झाली, आणि पाटीवर आठ निळे चौकोन बसले.

मी चेहरे काढायला घेतले तर आक्कानं खडूच काढून घेतला. "तोंडं कशाला काढतीस? येणी कुटल्या अंगाला हाय त्ये दाव, म्हंजे पोरगी कुटं बगतीया ते कळतंय." मग काळ्या दोऱ्याच्या आठ वेण्या टाचल्या, एकीची वरच्या अंगाला, पुढचीची खालच्या. नवरा-बायकोचं भांडण झाल्यागत पाठ करून का बसल्यात, हे तिनं विचारलंच. नियम सांगितले तेव्हा हातातली सुई थांबली. "म्हंजे धरणारीनं पाटी वलांडायची न्हाई, आन् पळणारीनं खुशाल वलांडायची? ह्यो कसला न्याय!" तिचा हा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो. तिचं स्वतःचं लग्न खेळायच्या वयातच उरकलेलं. मैदान तिनं पाहिलं ते कुंपणाबाहेरून, डोक्यावर पाटी घेऊन जाता-येता.

त्या टाक्यांवरून बोटं फिरली की मला पाठ आठवते. मागून येणारी धाप, मग पाठीवर पडलेला तळवा आणि कानाशी 'खो'. फक्कीची रेघ, आणि उठायच्या पवित्र्यात बसून अवघडलेली पोटरी. कोण जिंकलं ते मात्र एकदाही आठवत नाही.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं 1914 साली या खेळाचे नियम बांधले. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या मुली व मुलगे दोघेही जिंकले. टीव्हीवर मॅट होती, दिव्यांचा लखलखाट होता, पण मुली बसल्या होत्या तशाच, आक्काच्या वेण्यांसारख्या उलटसुलट.

आक्कासारखंच कापडावर चित्र रचणाऱ्या न्यूयॉर्कच्या कलावंत फेथ रिंगगोल्ड यांची 'टार बीच' ही 1988 ची गोधडी गुगेनहाइम संग्रहालयात आहे. तिच्यात हार्लेममधली गच्ची आहे, उन्हाळ्याची रात्र आहे. मोठी माणसं पत्ते खेळताहेत आणि मुलं अंथरुणावर पडून आकाश बघताहेत. रिंगगोल्ड यांनी आपली पहिली गोधडी 1980 साली आईबरोबर केली होती. विली पोसी हे त्या आईचं नाव कलेच्या इतिहासात नोंदलेलं आहे. आक्काचं पाळण्यातलं नाव काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं मलाही सुचलं नाही.

ती वाकळ आता भाची पांघरते. प्रदर्शनात मांडायला मागणी आली होती, मी दिली नाही. भिंतीवर टांगलेली वाकळ आक्काला मुळीच रुचली नसती.

आक्काला मजुरी म्हणून पायलीभर ज्वारी आणि वर थोडे पैसे मिळायचे, आणि त्यातही माणसं घासाघीस करायची. अजूनही करतात. हातशिलाईची एक गोधडी पुरी व्हायला आठवडे जातात. तुमच्या घरी जुनी सुती पातळं पडून असतील, तर ती एखाद्या शिवणारणीकडे घेऊन जा, आणि ती जो आकडा सांगेल तो मुकाट्यानं द्या.