नांदेड ते लातूर, व्हाया पतंगाच्या मिशा

दिवाळी सरली की नांदेडहून लातूरकडे जाणारा रस्ता बघत बसावा असा होतो. गोदावरीचा पूल ओलांडला, सिडको मागं पडलं की लोह्यापर्यंत दोन्ही बाजूंना पांढरी फुटलेली पऱ्हाटी. अहमदपूर आलं की कापूस विरळ होत जातो आणि पिवळ्या फुलोऱ्यातली तूर सुरू होते. मी मात्र निघालो होतो किड्यांच्या मिशा बघायला. घरी हे सांगितल्यावर ‘बरं आहे ना?’ असं विचारलं गेलं, ते सोडून देऊ.

लोह्याच्या अलीकडे रस्त्याला लागून असलेल्या एका शेतात काठीला बांधलेला सापळा दिसला. हिरवं नरसाळं, वर टोपी, खाली लोंबणारी प्लास्टिकची पिशवी. गाडी थांबवली. वेचणी चालू होती. ओटीत कापूस भरलेल्या एक आजी सरळ होत म्हणाल्या, “काय बघूलालाव, बाबा?” मी सापळ्याकडे बोट केलं. त्यांनी हातातलं बोंड सोलून माझ्यापुढं धरलं. चारपैकी दोन कप्पे पिवळट, चिकटलेले, त्यात सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी. “हे बघा. सगळी कवडी झाली.”

शेतमालक आले. त्यांच्या परवानगीनं पिशवीची गाठ सोडून आतला ऐवज वर्तमानपत्रावर ओतला. बहुतेक पतंग सुकून भुगा झालेले, दोन-चार ताजे. भिंगाखाली एक घेतला. जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा, मातकट करडा, पंखांच्या कडांना झालर. डोक्यावरून मागं वळलेल्या दोन बारीक मिशा. बुडाशी पाच-सहा ताठ राठ केस, पुढं मणी ओवावेत तशी पेरं. पुस्तकात यांना शृंगिका म्हणतात. साध्या भिंगाला एवढंच दिसतं. खरा कारभार पेरांवरच्या सूक्ष्म केसांत चालतो. प्रत्येक केसाला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. हवेतला वासाचा कण त्यांतून आत शिरतो, आतल्या चेतापेशीला भिडतो आणि पतंग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला नागमोडी उडायला लागतो. वास सुटला की आडवा हिंडतो, पुन्हा सापडला की पुढं सरकतो.

वास मादीचा असतो. रात्री ती एका जागी बसून गंध सोडते आणि नर तिला शोधत येतो. सापळ्यातल्या रबरी गोळीत तोच गंध कारखान्यात बनवून भरलेला असतो. गुलाबी बोंडअळीचा हा गंध 1973 मध्ये ओळखला गेला. त्यात दोन रसायनं जवळपास समसमान असतात, आणि हे प्रमाण बिघडलं की नराची ओढ कमी होते. त्याआधी 1959 मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा गंध पहिल्यांदा वेगळा केला, तेव्हा काही मिलिग्रॅमसाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या होत्या. आज ती गोळी कृषी सेवा केंद्रात सहज मिळते.

“सापळे लावले, औषधबी मारलं, तरी अळी हायेच की,” मालक म्हणाले. गोळी कधी बदलली? पोळ्याला बसवली होती, तीच. रोज किती पतंग पडतात? मोजले नव्हते. मला वाटतं, इथंच आपलं चुकतं. या सापळ्यात फक्त नर येतात. एकरी दोन सापळ्यांनी कितीही नर धरले तरी उरलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो. अंडी घालायची ती मादी घालतेच. एकरी दोन सापळे असतात ते मोजण्यासाठी. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग पडले, की अळीचा बंदोबस्त करायची वेळ झाली असं समजायचं. न मोजता टांगलेला सापळा म्हणजे नुसती शोभा.

या किड्याचं आपल्याशी नातं जुनं आहे. 1843 मध्ये भडोचच्या कपाशीवरून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं एनएचएच-44 हे संकरित वाण ऐंशीच्या दशकात आलं आणि मराठवाड्यात घरोघरी पोचलं, तेव्हाही तो होताच. बीटी कपाशी आल्यावर काही वर्षं तो दबला, आणि 2017 मध्ये राज्यभर उसळला. डिसेंबरनंतर फरदड ठेवली, म्हणजे जुनीच पऱ्हाटी पुढच्या वेचणीसाठी रानात राखली, की त्याची सोय आपणच करतो.

माळेगावला चहा घेतला. खंडोबाची यात्रा अजून लांब होती. अहमदपूरच्या पुढं सोयाबीन काढून झालेल्या रानात वीतभर उंचीवर आतून कातरल्यासारखी तुटलेली खोडं दिसली. चक्रीभुंग्याचं काम. या भुंग्याच्या मिशा जवळपास अंगाएवढ्या लांब असतात, पण या दिवसांत भुंगा कुठला दिसायला? खोडात झोपलेली अळी तेवढी सापडते.

लातूरला गंजगोलाईजवळच्या लॉजवर रात्र डासांनी खाल्ली. तिथंही मिशाच. नर डासाच्या मिशा झुपकेदार असतात आणि त्यांच्या बुडाशी जॉन्स्टन इंद्रिय असतं. बाल्टिमोरचे डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी 1855 मध्ये त्याचं वर्णन केलं. मादीच्या पंखांची गुणगुण नर त्यानंच ऐकतो. आपल्याला चावते ती मात्र मादी, त्यामुळे या ज्ञानाचा झोपेला काही उपयोग झाला नाही.

सकाळी औशाच्या रस्त्याला एका तुरीच्या रानात शिरलो. इथले सापळे दिसायला तसेच, पण गोळी घाटेअळीच्या पतंगाची. तिचा गंध वेगळा. कपाशीतल्या गुलाबी अळीचा नर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तरुण मालकानं खांबाला वही अडकवली होती. तारीख, सापळा, आकडा. “आज नऊ, काल सात, परवा चार,” तो वाचून म्हणाला, “अजून दोन दिस बघतो, मग फवारणीचं ठरवतो.” मधे मधे पक्षी बसायला इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवल्या होत्या. गोळीला हात लावण्याआधी त्यानं हात धुतले; तंबाखू मळलेल्या बोटांचा वास तिला लागू द्यायचा नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि बरोबरच सांगितलं होतं.

शेत कपाशीचं असो की तुरीचं, सापळा पिकाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवा, पीक वाढेल तसा उचला, गोळी साधारण तीन आठवड्यांनी बदला आणि कुठल्या किडीची आहे ते पाकिटावर वाचून घ्या. आणि काठीला एक वही जरूर बांधा.